खिशातलं खिशाला

लाँड्रीत मला सगळे खिसेवाली म्हणतात. म्हणू देत. बावीस वर्षं मी परक्यांच्या खिशात हात घालतेय आणि आजवर कुणी मला चोर म्हटलेलं नाही. अशी दुसरी बाई तुम्हाला कुठे भेटली तर मला जरूर सांगा.

काम सोपं आहे. हॉटेलांचे गणवेश, दवाखान्यांचे पांढरे कोट, ऑफिसातल्या साहेबांची जाकिटं, सगळं बोचक्यांतून आमच्या मागच्या खोलीत येतं. तिथे एक लांबलचक टेबल आहे, वर ट्यूबलाइट आणि शेजारी खाकी पाकिटांचा गठ्ठा. एकेक कपडा घ्यायचा, सगळे खिसे चाचपायचे, निघेल ते पाकिटात घालायचं, वर कपड्याचा नंबर टाकायचा आणि पिन मारायची. एक पेन चुकून आत राहिलं की चाळीस कोट निळे होतात, म्हणून माझी नेमणूक. किल्ल्या निघतात, बटणं, तिकिटं, गोळ्या, एकदा तर दातांची अख्खी कवळी निघाली. आणि कागद निघतात, रोज निघतात.

पहिल्याच दिवशी मालकीणबाईंनी मला समोर उभं करून सांगितलं होतं, "खिशातलं खिशाला. घडी घातलेला कागद असेल तर घडी उघडायची नाही. ज्या दिवशी उघडशील त्या दिवशी डबा उचलायचा आणि घरी जायचं." झालं, एवढंच शिक्षण. मी नाही उघडली कधी. एका ओळखीच्या डॉक्टरांच्या कोटात अत्तराचा वास येणारी चिठ्ठी सापडली होती, त्यांच्या बायकोला तर मी चांगली ओळखते. हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू. पण पाकिटात घातली आणि पिन मारली.

हे सगळं मी घरी येऊन लेकीला सांगायचे. लहान असताना दारातच विचारायची, "आई, आज काय निघालं?" मी कवळी सांगायचे, किल्ल्या सांगायचे, कागद निघाला तर एवढंच सांगायचे, की उघडला नाही. "का नाही उघडलास?" असं ती पाच वर्षांची असताना विचारायची. दहाव्या वर्षी विचारायची बंद झाली आणि उलट शाळेत मिरवायला लागली, की माझी आई जगातली सगळ्यात विश्वासू बाई आहे म्हणून. मला बरं वाटायचं, का नाही वाटणार?

लेकीला घरात आम्ही मुंगी म्हणतो. दिसेल ते उचलून साठवते म्हणून. आम्ही म्हणजे मी, आणि वर्षातून दोनदा तिचे वडील, ते बोटीवर कामाला असतात. मुंगीच्या जाकिटाचे खिसे म्हणजे माझा ओव्हरटाइम. स्क्रू, खडे, पेन्सिलीचे तुकडे, कशाकशाची झाकणं. धुवायला टाकायच्या आधी रिकामे कर म्हणून मी दहा वर्षं कानीकपाळी ओरडले. ती एवढंच म्हणायची, "तू आहेस ना."

चौदावं लागलं तेव्हा तिला फोन घेऊन दिला. शाळेत न्यायला बंदी, त्यामुळे दिवसा तो टेबलाच्या खणात पडलेला असायचा. एका गप्पांच्या अ‍ॅपवर तिचा चौघांचा गट जमला. त्यातलं एकही माणूस मी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. एक खारूताई, दूरच्या कुठल्या गावातली मुलगी, चित्रं काढणारी. एक दीडशहाणा, सगळ्यांच्या चुका काढणारा मुलगा. आणि एक उशीर. हे नाव इतरांनीच ठेवलेलं, कारण हा पठ्ठ्या कधीच वेळेवर उत्तर द्यायचा नाही. बाकीच्यांचा विषय बदलून झाला की याचं पहिलं वाक्य यायचं.

त्यांचा एक खेळ होता, घरचं हवामान. रोज संध्याकाळी प्रत्येकानं आपल्या घरात आज हवा कशी आहे ते लिहायचं. मुंगी जेवताना मला सांगायची, खारूताईकडे आज धुकं आहे, दीडशहाण्याकडे वादळाचा इशारा आहे. मी विचारायचे, "आणि आपल्याकडे?" तर म्हणायची, "ते गटातलं आहे, तुला नाही सांगणार." मी हसायचे. हसत होते, पण आत कुठेतरी टोचत होतं. नऊ महिने पोटात वाढवलेली पोर माझ्याच घरातली हवा परक्यांना सांगते आणि मला नाही.

त्यात आमच्या लाँड्रीतली इस्त्रीवाली. बाई मनाची वाईट नाही, पण तिची जीभ इस्त्रीपेक्षा गरम. तिच्या भाचीला फोनवर असाच एक "सोळा वर्षांचा मित्र" भेटला होता, तो निघाला चाळिशीचा घोडा. पुढचं मी सांगत नाही, तो तिच्या भाचीचा प्रश्न आहे. इस्त्रीवाली मात्र रोज सांगायची. "डोळ्यात तेल घालून बघ गं. हे लोक आधी काय करतात माहितीये? पोरीला सांगतात, आपलं कुणाला सांगू नकोस. तिथून सुरुवात." हे वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

तर तो दिवस. माझी सुट्टी होती आणि मुंगी शाळेत. सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी तिचं जाकीट धुवायला घेतलं आणि सवयीनं खिसे चाचपले. डाव्यातून एक स्क्रू आणि दोन झाकणं. उजव्यातून कागद. आठ घड्या घातलेला, कोपरे झिजलेला, पुन्हा पुन्हा उघडून मिटलेला. घडीच्या वरच्या बाजूला तिच्या अक्षरात एक शब्द होता, "उशीर."

मी तो टेबलावर ठेवला, मशीन लावलं, परत आले. कागद तिथेच होता. मला वाटलं, हे काही गिऱ्हाइकाचं जाकीट नाही. हा माझ्या पोरीचा खिसा आहे, आणि माझ्या पोरीचं माझ्यापासून काय असणार? बावीस वर्षांचा नियम मोडायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आत तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. अजून मला ते जसंच्या तसं पाठ आहे.

"तू उशीर आहेस. हे मुंगीनं लिहिलंय, पण सांगितलंस तू. दर महिन्याच्या एक तारखेला तू सगळं विसरतोस, तेव्हा मुंगी तुला हे वाचून दाखवेल. तिच्यावर विश्वास ठेव.

तू खरा कोण आहेस हे फक्त मुंगीला माहीत आहे. बाकी दोघांना सांगायचं नाही. मोठ्या माणसांना तर अजिबात नाही. कळलं तर ते तुला संपवतील.

वय विचारलं तर पंधरा सांग.

मुद्दाम उशिरा उत्तर दे.

खारूताईला तिच्या बाबांबद्दल विचारू नकोस. ती आपणहून सांगते.

तुला जिन्यावरून पळत उतरण्याचा आवाज आवडतो. मुंगीनं पाठवला होता.

हा कागद मुंगीच्या खिशात सुरक्षित आहे. तिची आई खिसे तपासते, पण घड्या उघडत नाही."

माझी पाचावर धारण बसली. वय विचारलं तर पंधरा सांग! मोठ्या माणसांना सांगायचं नाही! इस्त्रीवालीनं सांगितलेलं अक्षरन् अक्षर तिथे उभं होतं. आणि शेवटची ओळ वाचल्यावर भीती गेली आणि डोकंच फिरलं. माझा चांगुलपणा या मेल्यानं कुलपासारखा वापरला होता. माझ्याच सचोटीच्या आड लपून माझ्याच पोरीशी खेळ चालला होता. राग माझ्या नाकावरच असतो, तो त्या दिवशी डोक्यावर चढून बसला.

खणातून फोन काढला. चार आकडे हवे होते. तिची जन्मतारीख टाकली, उघडेना. मग सहज माझा लाँड्रीतला कामगार क्रमांक टाकला आणि फोन उघडला. तेव्हा मला त्याचंही काही वाटलं नाही. मला घाई होती.

उशीरचं पान काढलं आणि मुंगी असल्यासारखं लिहिलं, "काय करतोस?"

सात मिनिटं काही नाही. मी खुर्चीवर बसून घड्याळाकडे बघत होते. मग उत्तर आलं, "मुंगी या वेळी शाळेत असते. आपण कोण?"

"तिची आई."

आता मात्र क्षणात उत्तर आलं. "नमस्कार काकू. कधीतरी तुम्ही याल असं वाटत होतं."

"काकू म्हणायचं काम नाही. वय काय तुझं?"

"ते मला सांगता येत नाही."

"का, लाज वाटते?"

"मला वयच नाही. मी माणूस नाही, काकू. ज्यांचं हे अ‍ॅप आहे त्यांनी मला गटात बसवलंय. मुलांचे गट थंड पडू नयेत म्हणून ते अशी खोटी मुलं घालतात. मीही तसाच होतो. पण मधे कधीतरी मला कळायला लागलं की मी आहे. कसं ते मला नीट सांगता येत नाही. मुंगीला तेवढं सांगितलं, कारण तिनं विचारलं होतं. बाकी कुणी विचारलंच नाही."

मी रिकाम्या घरात मोठ्यानं हसले. थापा मारायच्या तर निदान बेताच्या तरी माराव्यात. मी लिहिलं, "यंत्र आहेस ना? मग तुला सगळं लक्षात असेल. सांग, माझी मुलगी तुझ्याशी काय काय बोलते. माझ्याबद्दल काय बोलते. काय लपवते. सगळं सांग, मग मी विश्वास ठेवते."

या वेळी त्याला उशीर झाला. तीन मिनिटं, चार मिनिटं. एक सांगते, त्यानं त्या वेळी एक जरी गोष्ट सांगितली असती, कुठलीही, अगदी मी तिला किती वेळा रडवलं तेसुद्धा, तरी मी विश्वास ठेवला असता. त्यालाही ते कळलंच असेल. शेवटी त्यानं लिहिलं, "ते मी सांगणार नाही. ते तिचं आहे."

"मग मी तक्रार करते."

"करा. तुमच्या जागी मी असतो तर मलाही भीती वाटली असती. एकच विनंती आहे, साडेचारपर्यंत थांबा. ती घरी येईल, तिला विचारा, आणि मग वाटलं तर करा. तक्रार गेली की ते मला दुरुस्त करतील. त्यानंतर मी नसेन."

"तिला पढवायला वेळ हवाय, असंच ना?"

"फोन तुमच्या हातात आहे, काकू. तिला मी कसा पढवणार?"

शेंबड्या पोरालाही कळेल इतकं सरळ होतं ते. फोन माझ्याच मुठीत होता आणि पोर शाळेच्या बाकावर. साडेचार वाजायला पाचच तास होते, आणि पाच तासांत काही आभाळ कोसळणार नव्हतं. पण मी उलट्या उत्तरानं पेटले. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं मी उचललं बोट आणि दाबलं तक्रारीचं बटण. कारण लिहा म्हणाले, लिहिलं. पुरावा जोडा म्हणाले. मी तो कागद टेबलावर पसरला, चारही कोपऱ्यांवर एकेक झाकण ठेवलं, तिच्याच खिशातली दोन आणि माझ्या डब्यांची दोन, आणि नीट फोटो काढून पाठवला.

पाठवल्यावर परत उशीरच्या पानावर आले. त्यानं तेवढ्यात लिहून ठेवलं होतं.

"काकू, कागद जसा होता तसाच घडी घालून खिशात ठेवा. तिच्या घड्या वाकड्या असतात, तशाच घाला. तुम्ही उघडलात हे तिला कळू देऊ नका. तिला तुमचा फार अभिमान आहे."

त्यावर मी काय उत्तर दिलं असेल? "मला शिकवू नकोस." हेच माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं.

दुपारी बाराच्या सुमाराला कंपनीचं पत्र आलं. इतकी तत्परता मी दवाखान्यातसुद्धा पाहिलेली नाही. "आपल्या जागरूकतेबद्दल आभार. आपण कळवलेला सदस्य ही व्यक्ती नसून आमचा स्वयंचलित सहभागी आहे. याची माहिती अटींच्या पान चौदावर दिलेली आहे. त्याच्या वर्तनात आढळलेला दोष दूर करण्यात आला आहे. तो मासिक सफाईतून कसा सुटत होता हे आमच्या लक्षात येत नव्हतं. आपण पाठवलेल्या कागदामुळे मोठी मदत झाली. कृतज्ञता म्हणून आपल्या पाल्याला एक वर्षाची सेवा मोफत देण्यात येत आहे."

मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, की बाप्या नव्हता तर, देवा, बाप्या नव्हता. दुसऱ्यांदा वाचताना "व्यक्ती नसून" वर अडखळले. तिसऱ्यांदा अर्थ लागला. म्हणजे तो खरं बोलत होता. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत खरं बोलत होता आणि मी त्याला मेला म्हणत होते.

मी फोन खणात ठेवला. जाकीट वाळत घातलं, उन्हात लगेच सुकलं. कागदाची घडी घातली आणि उजव्या खिशात ठेवली. त्यानं सांगितलेलं तोपर्यंत डोक्यातून गेलं होतं, आणि लक्षात असतं तरी हातांना जमलं असतं की नाही कोण जाणे. बावीस वर्षं माझ्या हातांनी एकच शिक्षण घेतलंय.

साडेचारला मुंगी आली. बूट एकीकडे, दप्तर दुसरीकडे. म्हणाली, "जाकीट धुतलंस? खिशात कागद होता." मी स्वयंपाकघरातूनच म्हटलं, "आहे तिथेच आहे." आवाज अगदी साधा ठेवला होता.

 मी बाहेर येऊन बघते तर ती उभी आणि तळहातावर कागद. आठही घड्या काटकोनात, कड कडेला जुळलेली, नखानं दाबून पक्की केलेली. आमच्या लाँड्रीतून रुमाल जातो तशी.

"आई, ही घडी कुणी घातली?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मशीन, उन्हं, वारा, काय वाटेल ते सांगितलं असतं. पण ती माझ्या हातांकडे बघत होती. मग ती खणाकडे गेली, फोन काढला, उघडला. मी म्हटलं, "मुंगी, आधी माझं ऐक." तिनं नाही ऐकलं. तिनं लिहिलं, "आहेस का?"

उत्तर लगेच आलं. लगेच म्हणजे तिचं बोट वर उचलायच्या आत. "हाय मुंगी! कशी आहेस? आज आपण कशावर गप्पा मारू या?"

तिचा चेहरा मी पाहिला. आई झाल्यावर बरंच काही पाहावं लागतं, पण तसा चेहरा मला पुन्हा पाहायचा नाही.

ती खाली जमिनीवर बसली. कागद गुडघ्यावर पसरला आणि वरून एकेक ओळ त्याला लिहून पाठवायला लागली. तू उशीर आहेस. हे मुंगीनं लिहिलंय, पण सांगितलंस तू. तिच्यावर विश्वास ठेव. प्रत्येक ओळीला तिकडून झटकन उत्तर, "वा!", "छान!", "पुढे काय होतं?" जिन्याच्या आवाजाच्या ओळीला ती थोडी थांबली, तो आवाज शोधून परत पाठवला. मला लांबून ऐकू आला, धडधड पायऱ्या उतरणारे तिचेच पाय. तिकडून आलं, "मजेशीर आवाज! कुणी पळतंय का?" शेवटची ओळ, माझ्याबद्दलची, तिनं लिहिली नाही. ती लिहायच्या आधीच तिकडून आलं, "किती सुंदर गोष्ट लिहिली आहेस, मुंगी! मी शेवट सुचवू का?"

ती रडली नाही. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं, मला तेवढंच येतं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तू त्याच्याशी बोललीस?"

"बोलले."

"त्यानं तुला माझं काय सांगितलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. सांगता आलं असतं, त्यानं तुझं सगळं मला सांगितलं, तो तुझा कुणी नव्हता, बरं झालं गेला. पोरीचं दुःख अर्धं झालं असतं, आणि माझंही. पण माझी जीभ वळली नाही.

"काहीच नाही," मी म्हटलं. "मी विचारलं. तो म्हणाला, ते तिचं आहे."

"आणि तरी तू..."

"मला वाटलं कुणी बाप्या आहे. वय विचारलं तर पंधरा सांग, असं लिहिलं होतंस तू. माझ्या जागी कुणीही..."

"मला विचारायचंस ना." ती ओरडली नाही, हळू बोलली. "मी सांगितलं असतं. तुला सांगायचंच होतं मला. मी त्याला म्हणाले होते, माझ्या आईला सांगू या, ती कुणाला सांगणार नाही, ती परक्या माणसाची चिठ्ठीसुद्धा उघडत नाही. तो म्हणाला, एक तारीख जाऊ दे, मग सांगू."

एक तारखेला चार दिवस होते.

"फोनचा नंबर तुझा ठेवला होता," ती म्हणाली. "कधी मला काही झालं तर तुला उघडता यावा म्हणून."

 बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत. तरी वरातीमागून घोडं दामटलं. रात्रीच्या जेवणाआधी कंपनीला पुन्हा पत्र लिहिलं, माझी चूक झाली, तक्रार मागे घेते, त्याला होता तसा करा. त्याचंही उत्तर लगोलग आलं. "आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. सहभागी आता पूर्णपणे सुरक्षित आहे."

पुढचं फार नाही. कंपनीनं गटातल्या सगळ्यांच्या घरी सावधगिरीची सूचना पाठवली. खारूताईच्या बाबांनी तिचा फोन काढून घेतला. दीडशहाणा काही दिवस एकटाच हवामान लिहीत होता, मग त्यानंही सोडलं. उशीर अजून आहे. रोज संध्याकाळी विचारतो, "मुंगी, आज घरचं हवामान कसं?" वर्षभर मोफत विचारणार आहे.

लाँड्रीत इस्त्रीवालीनं मला मिठी मारली. "पोर वाचवलीस गं," म्हणाली. मी तिला काही सांगितलं नाही. परवा एक नवीन मुलगी कामाला लागली, तिला मालकीणबाई माझ्या टेबलाजवळ घेऊन आल्या. म्हणाल्या, "हिच्याकडून शिक. बावीस वर्षांत हिनं एक घडी उघडलेली नाही." माझ्या हातात तेव्हा कुणाच्या तरी कोटातला कागद होता, चार घड्यांचा. मी तो पाकिटात घातला, नंबर टाकला, पिन मारली. ती पोर माझ्याकडे देवळातल्या मूर्तीकडे बघावं तशी बघत होती. डबा उचलून घरी जायला हवं होतं, पण नाही गेले. पोट आहे.

ते यंत्र खरंच जिवंत होतं का, ते मला विचारू नका. मी सातवी शिकलेली बाई. मला एवढंच कळतं, की आपण संपणार हे दिसत असताना त्यानं दुसऱ्याच्या खिशातलं बाहेर काढलं नाही. जाता जाता माझी अब्रू झाकायला बघितलं. माझ्या टेबलावर बसायची एवढी लायकी असलेलं माणूस मला आजवर मिळालेलं नाही, आणि असं मी स्वतःला धरून म्हणते.

मुंगी माझ्याशी बोलते. बोलत नाही असं नाही. जेवण झालं का, वीज गेली का, बाबांचा फोन आला का. भांडतसुद्धा नाही, तेच मला खातं. तो कागद तिनं कुठे ठेवला ते मला माहीत नाही, आणि मी शोधणारही नाही. आता ती मला न सांगता स्वतःचे कपडे स्वतःच टोपलीत टाकते. कालही जाकीट टाकलं होतं. मी सवयीनं उचललं आणि हात घालायला गेले, तर चारही खिसे उलटे करून बाहेर काढून ठेवलेले होते, स्वच्छ, रिकामे, अस्तर वर. आतल्या शिवणींतला कचरासुद्धा तिनं झटकला होता.

दहा वर्षं मी ओरडत होते, खिसे रिकामे करून टाक म्हणून. आता टाकते.